१८५० च्या मागे गेलं की पणजीची पणजी गायब होते? अमेरिकन वंशावळ अडकली तर हे करून बघा

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे आणि दर सुट्टीत कोणी ना कोणी मला हेच विचारतं. जावई नाहीतर सून अमेरिकन, नातवाला शाळेत फॅमिली ट्री काढून न्यायचाय, सगळे उत्साहाने बसतात, १९५० च्या सेन्ससपासून एकेक पायरी मागे जात १८८० पर्यंत सगळं झक्कास मिळतं, १८५० पर्यंतही ओढूनताणून पोचतात आणि तिथे गाडी ठप्प. १८४० मध्ये घरमालकाचं नाव सापडतं पण बायको कोण, मुलं कोण, काही नाही. आणि बायकोचं माहेर तर अजिबातच नाही, नुसतं "मेरी" लिहिलेलं असतं, कुठली मेरी, कोणाची मेरी, देव जाणे. मग लोक काय करतात तर ऑनलाइन दुसऱ्या कोणीतरी बनवलेल्या ट्रीमधून आडनाव उचलतात आणि चिकटवून मोकळे होतात. तसं करू नका, त्या ट्रीवाल्यानेही ते असंच कुठूनतरी उचललेलं असतं.

आधी हे समजून घ्या की भिंत तिथेच का लागते. अमेरिकेची पहिली फेडरल शिरगणती १७९० ची, मग दर दहा वर्षांनी, पण १७९० ते १८४० या सहाही वेळा नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं लिहिलंय, बाकी घर म्हणजे वयाच्या रकान्यात आकडे. १७९० ला तर गोऱ्या पुरुषांचे दोनच रकाने, सोळा आणि वरचे, सोळाच्या आतले, कारण सरकारला लढायला आणि काम करायला किती हात आहेत हे हवं होतं. गोऱ्या बायकांना वयच नाही, महिन्याची पोर आणि ऐंशीची आजी एकाच रकान्यात. १८५० ला पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्माचं राज्य आलं. "स्वतंत्र" हा शब्द लक्षात ठेवा, त्याबद्दल शेवटी लिहिते. आणि १८५० मध्ये नावं आली तरी नातं लिहिलेलं नाही, प्रमुखाशी नातं काय हा रकाना थेट १८८० ला आला. म्हणजे १८५० च्या घरात चाळीस वर्षांचा पुरुष आणि त्याच्याखाली अडतीसची बाई दिसली की आपण बायको धरून चालतो, पण ती बहीण असू शकते, विधवा वहिनी असू शकते, आणि बायको असली तरी दुसरी असू शकते, खालच्या सगळ्या मुलांची आई ती असेलच असं नाही.

पुढे जायच्या आधी एक साधी गोष्ट चेक करा: तुम्ही जो सेन्सस शोधताय तो आज अस्तित्वात आहे का. लोक तासन् तास शोधत बसतात आणि कागदच शिल्लक नसतो. १७९० ची व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, डेलावेअर, न्यू जर्सी यांची पानं गेलेली आहेत, १८०० ची केंटकी आणि जवळजवळ सगळी व्हर्जिनियाही नाही. छापील पुस्तकात "व्हर्जिनिया १७९०" म्हणून जे दिसतं ते खरं तर १७८२ ते १७८५ च्या राज्याच्या याद्यांवरून जुळवलेलं आहे. तसंच "केंटकीचा १८०० चा सेन्सस" म्हणून जे मिळतं ती टॅक्स लिस्टांवरून केलेली यादी आहे, उपयोगाची आहे पण सेन्सस नाही. अलीकडच्या बाजूला १८९० चा सेन्सस, तो जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला कॉमर्स खात्याच्या बिल्डिंगला लागलेल्या आगीत बराचसा खराब झाला आणि उरलेलाही नंतर सरकारनेच निकालात काढला. त्यामुळे १८८१ साली जन्मलेली मुलगी १८८० ला नाही आणि १९०० पर्यंत लग्न होऊन आडनाव बदललेलं, अशी आख्खी मुलगी दोन सेन्ससच्या मधे हरवते.

आता ते आकडे. नावं नाहीत म्हणून लोक ती पानं सोडून देतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण त्या आकड्यांनी माणसाभोवती कुंपण घालता येतं. समजा तुमचा माणूस १८०० ला २६ ते ४४ च्या रकान्यात आहे, म्हणजे जन्म साधारण १७५५ ते १७७४. १८१० ला तो ४५ आणि वरच्या रकान्यात गेला, म्हणजे १७६५ च्या आतला. १८३० ला ६० ते ६९ मध्ये, म्हणजे १७६० च्या नंतरचा. झालं, १७६० ते १७६५ एवढीच पट्टी उरली. आता ऑनलाइन ट्रीवाला जर त्याच नावाचा १७४८ साली जन्मलेला माणूस तुमच्या गळ्यात मारत असेल तर तो बाद. हे अर्थात तोच माणूस सगळीकडे आहे हे धरून, त्यामुळे एकदा शेजारीपाजारी पण जुळवून घ्या. अजून एक, १८२० च्या फॉर्ममध्ये पुरुषांसाठी १६ ते १८ असा एक जादा रकाना आहे, आणि त्यातली मुलं पुढच्या १६ ते २६ च्या रकान्यात परत मोजलेली असतात, त्यामुळे बेरीज केली की घरात एक मुलगा जास्त निघतो आणि लोक त्या नसलेल्या मुलाचं नाव शोधत बसतात!

पण आकडे म्हणजे मुलं नव्हेत, आणि इथेच सगळ्यात जास्त ट्री बिघडतात. मी यासाठी कायम अब्राहम लिंकनच्या घरचं उदाहरण देते कारण त्या एका घरात हे सगळे घोळ सापडतात आणि खरं काय ते आपल्याला आता माहितीये, उत्तरं मागे छापलेलं गणित असल्यासारखं. लिंकनचे वडील थॉमस, आई नॅन्सी हँक्स. आई ऑक्टोबर १८१८ मध्ये इंडियानात वारली. वडिलांनी २ डिसेंबर १८१९ ला केंटकीत एलिझाबेथटाउनला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं आणि तिला इंडियानाला आणलं, तिची तीन मुलं सोबत. शिवाय नॅन्सीच्या माहेरचा डेनिस हँक्स हा तरुण मुलगाही त्यांच्यातच राहत होता. म्हणजे १८२० ची शिरगणती झाली त्या उन्हाळ्यात त्या घरात एक जोडपं, पाच मुलं आणि एक तरुण पाहुणा. नुसते रकाने बघून कोणीही म्हणेल की थॉमस आणि सारा यांना पाच-सहा मुलं. खरं काय तर दोन त्याची, तीन तिची, दोघांचं मिळून एकही नाही. त्या काळात बाळंतपणात, तापाने माणसं पटापट जायची आणि शेतावर एकट्याने निभायचं नाही त्यामुळे वर्षाच्या आत दुसरं लग्न ही रोजची गोष्ट होती. म्हणून मुलांच्या वयात तीन-चार वर्षांची फट दिसली, किंवा बायकोच्या वयाचा रकाना दोन सेन्ससमध्ये जुळत नाही असं दिसलं, की आधी दुसऱ्या लग्नाचा संशय घ्या.

हे दुसरं लग्न अजून एक गोष्ट शिकवतं. त्या लग्नाच्या नोंदीत नवरी "सारा जॉन्स्टन" आहे. आपण लगेच जॉन्स्टन आडनावाचे आईवडील शोधायला धावणार, आणि ते कधीच सापडणार नाहीत, कारण जॉन्स्टन हे तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, माहेर बुश. विधवा आहे असं नोंदीत लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून नवरी पंचवीस-तीसच्या पुढची असेल तर तिचं नोंदीतलं आडनाव माहेरचं धरू नका, आधी त्याच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तिच्या नावाचं अजून एक, आधीचं लग्न आहे का बघा.

आता "लग्नाची नोंदच सापडत नाही" ही तक्रार. दहातले बरेच जण चुकीच्या काउंटीत शोधत असतात. आपण नवरा जिथे राहत होता, जिथे नंतर संसार केला, तिथे शोधतो. पण व्हर्जिनियाच्या कायद्यात आणि तिथूनच आलेल्या केंटकीच्या पद्धतीत लग्नाचा परवाना नवरीच्या काउंटीतून निघायचा. परत लिंकनच घ्या. थॉमस हार्डिन काउंटीतला, लग्नानंतर संसार तिथेच, एलिझाबेथटाउनला. लोकांनी हार्डिनची कागदपत्रं उलटीपालटी केली, पहिल्या लग्नाची नोंद काही मिळेना, मिळाली ती दुसऱ्या लग्नाची. १८६० मध्ये तर खुद्द लिंकनना एलिझाबेथटाउनच्या सॅम्युअल हेक्राफ्टला पत्र पाठवून सांगावं लागलं की बाबा रे, मिसेस जॉन्स्टन ही माझ्या वडिलांची दुसरी बायको, माझी आई नॅन्सी हँक्स. राष्ट्राध्यक्ष होऊन माणूस गेला तरी आईबापाच्या लग्नाचा कागद नाही म्हणून लोक वाट्टेल ते बोलत होते. तो कागद शेवटी १८७८ ला मिळाला, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, स्प्रिंगफील्ड गावच्या कोर्टहाउसमध्ये (हे केंटकीतलं स्प्रिंगफील्ड, इलिनॉयमधलं नाही, या नावाची गावं शोधताना राज्य टाकाच). नॅन्सी तिकडे राहत होती म्हणून. इतकी वर्षं कागद होता तिथेच होता, कोणी त्या दाराशी गेलंच नव्हतं.

तो कागद म्हणजे मॅरेज बाँड, आणि तो वाचायचा कसा हे नीट बघा कारण माहेर शोधायची किल्ली बहुतेक वेळा त्यात असते. लग्नाआधी नवरा आणि एक जामीन काउंटीच्या क्लार्ककडे जाऊन लिहून द्यायचे की या लग्नाला कायदेशीर अडचण नाही, असली तर आम्ही अमुक रक्कम देणं लागतो. लिंकनच्या वडिलांचा बाँड १० जून १८०६ चा, पन्नास पौंडांचा, डॉलर येऊन इतकी वर्षं झाली तरी फॉर्मवर पौंडच. लोक मला विचारतात की गरीब शेतकऱ्याने पन्नास पौंड आणले कुठून, तर आणले नाहीत, ते भरायचे नसतात, अडचण निघाली तरच लागू. आपल्या कामाचा माणूस आहे तो जामीन. तो रस्त्यावरचा कोणी नसायचा, बऱ्याचदा नवरीचा भाऊ, बाप, काका, नाहीतर तिला सांभाळणारा. थॉमसच्या बाँडवर जामीन रिचर्ड बेरी, आणि सहीपुढे त्याने स्वतःला पालक म्हणून लिहिलंय. नवरीचं आडनाव हँक्स आणि पालक बेरी, म्हणजे वडील हयात नाहीत किंवा चित्रात नाहीत, आणि पुढचा शोध बेरी घराण्याच्या कागदांत करायचा, हे त्या एका सहीवरून कळतं. तुमच्या नोंदीतही नवरानवरीची नावं टिपून पान बंद करू नका. आणि इंडेक्सवर, म्हणजे वेबसाइटवरच्या नावांच्या यादीवर, तर थांबूच नका, इंडेक्समध्ये जामिनाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, मूळ स्कॅन उघडा.

बाँड म्हणजे लग्न नव्हे हेही आहे, तो फक्त इरादा. लग्न लागलं का आणि कधी, ते पाद्र्याच्या रिटर्नमध्ये मिळतं, म्हणजे लग्न लावल्याचं त्याने लिहून कळवलेल्या कागदात. लिंकनच्या केसमध्ये जेसी हेड या मेथडिस्ट पाद्र्याने १२ जूनला लग्न लावल्याचं कळवलंय. ऑनलाइन ट्रीमध्ये एकाच जोडप्याच्या दोन तारखा दिसल्या, दोन-चार दिवसांच्या फरकाने, तर भांडू नका, एक बाँडची आणि एक लग्नाची असेल. नवरी किंवा नवरा एकवीसच्या आतला असेल तर बापाची संमतीची चिठ्ठी लागायची, ती कधी कधी बाँडसोबतच घडी करून ठेवलेली असते, बापाची खरी सही नाहीतर फुलीसकट. मायक्रोफिल्मवर बाँडच्या पुढच्या-मागच्या दोन-तीन फ्रेम पण बघत जा.

काउंटीचा दुसरा घोळ म्हणजे माणूस हलला नाही तरी काउंटी हलते. पालघर जिल्हा २०१४ ला ठाण्यातून निघाला, आता डहाणूच्या घराचा १९९० चा जिल्ह्याचा कागद शोधायचा तर ठाणेच आठवायला हवं ना, तसंच. लिंकनचा जन्म १८०९ चा हार्डिन काउंटीतला, ती जागा १८४३ पासून लरू काउंटीत आहे. इंडियानात ते १८१६ च्या शेवटी गेले तेव्हा ती पेरी काउंटी होती, १८१८ ला तिथे स्पेन्सर काउंटी झाली, घर तेच. केंटकीच आख्खी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होती. त्यामुळे आजचा नकाशा बाजूला ठेवा. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा जुन्या काउंटी सीमांचा ॲटलस ऑनलाइन फुकट आहे, तारीख टाकली की त्या दिवशीची सीमा दाखवतो, मी तरी आधी तो उघडते आणि मग बाकी सगळं.

नावांचं काय ते पटकन सांगते. प्रगणकाने जे ऐकलं ते लिहिलं, लिंकनच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर "लिंकहॉर्न" आहे. सर्चमध्ये आडनावाचं अचूक स्पेलिंग टाकून हट्ट धरू नका, पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे * हे चिन्ह टाका. जुन्या हस्ताक्षरात दोन एस सलग आले की पहिला एस लांब, एफसारखा दिसतो, त्यामुळे रॉसचा "रॉफ्स", आणि दोन्ही एस मिळून पी वाटला तर मॅसीचा "मॅपी", असले प्रकार इंडेक्समध्ये होतात. बायकांची नावं तर घरगुती: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट, नॅन्सी कधी कधी ॲन. बाँडवर पॉली आणि खरेदीखतात मेरी दिसली तर दोन बायका धरू नका. उलट पुरुषांत सीनियर-ज्युनियर दिसलं तर बापलेक धरू नका, त्या काळी गावात एकाच नावाचे दोघे असले की मोठा तो सीनियर, लहान तो ज्युनियर, काका-पुतणे असतील नाहीतर नातंच नसेल, आणि सीनियर वारला की ज्युनियर सीनियर होतो. कोर्टाच्या कागदात मुलांना "ऑर्फन" म्हटलं तर बाप गेलाय एवढंच समजा, आई बरेचदा जिवंत असते आणि दुसऱ्या आडनावाने शेजारच्या पानावर असते.

सगळं करूनही लग्नाची नोंद नाही? तर कदाचित ती कधी झालीच नाही. साउथ कॅरोलिनात लग्नाचा परवाना १९११ पर्यंत लागतच नव्हता. पेनसिल्व्हेनियात काउंटीने परवाने द्यायला १८८५ ला सुरुवात केली, त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत. आणि जळालेल्या काउंट्या वेगळ्याच, व्हर्जिनियात बकिंगहॅमचं कोर्टहाउस १८६९ ला जळलं, हॅनोव्हर काउंटीचे कागद अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेले आणि एप्रिल १८६५ ला रिचमंडच पेटलं. अशा वेळी तीन ठिकाणं. पहिलं, मृत्युपत्रं आणि वाटण्या, कारण बाप लिहितो "माझी मुलगी पॉली, अमक्याची बायको". दुसरं, जमिनीचे व्यवहार. नवरा जमीन विकायचा तेव्हा बायकोचा हक्क सोडवायला तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचे की तुझी राजीखुशी आहे ना, त्यामुळे तिचं नाव येतं, आणि बापाची जमीन सगळी भावंडं मिळून विकतात तेव्हा मुली आणि जावई सगळे एका कागदावर सह्या करतात. माझ्या मते सेन्ससपेक्षा हा एक कागद जास्त बोलतो, पण वाचायचा कंटाळा म्हणून कोणी बघत नाही. आता फॅमिलीसर्च या वेबसाइटवर, जी फुकट आहे, हस्तलिखित दस्तांमध्ये फुल टेक्स्ट सर्च आलाय, त्यात नवऱ्याचं नाव आणि बायकोचं पहिलं नाव दोन्ही टाकून काउंटीपुरतं शोधा. मशीनने वाचलंय तेव्हा चुका असणार, पण इंडेक्समध्ये कधीच न आलेले साक्षीदार आणि जावई त्यात वर येतात.

तिसरं ठिकाण म्हणजे क्रांतियुद्धाची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची, पेन्शन. सैनिक १७७५ ते १७८३ मध्ये लढला असेल तर १८१८ आणि १८३२ च्या कायद्याने त्याला, आणि १८३६ पासून काही विधवांनाही पेन्शन होती. सुरुवातीला लग्न सैन्यातली नोकरी संपण्याआधीचं हवं, मग १८३८, १८४८, १८५३ ला अटी सैल होत गेल्या. विधवेला लग्न सिद्ध करावं लागायचं, आणि कोर्टहाउस जळलेलं किंवा नोंद नसलेली, म्हणून बायकांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली आणि ती फाइलमध्ये तशीच राहिली. सोबत तिच्या भावाबहिणींच्या साक्षी, की मी हिच्या लग्नाला हजर होतो. नंबरच्या आधी डब्ल्यू असेल तर विधवेची फाइल, एस असेल तर सैनिकाची, आर म्हणजे नामंजूर. नामंजूर फाइल टाकून देऊ नका, पटवायला जास्त कागद जोडलेले असतात. आणि १८४० च्या सेन्ससमध्ये अशा पेन्शनरांची नावं आणि वयं वेगळी लिहिलेली आहेत, म्हातारा बाप लेकीकडे राहत असेल तर जावयाच्या घराच्या ओळीवर सासऱ्याचं नाव सापडतं. ज्यांचं माहेर मिळत नाही त्यांनी हे पान आजच बघा.

१७५२ च्या आधीच्या तारखा असतील तर एक सावधगिरी, तोवर इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३१/३२ असं जोडवर्ष दिसतं, आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा "पहिला महिना" म्हणजे मार्च. लग्न डिसेंबरात आणि मूल "त्याच वर्षी" फेब्रुवारीत असं दिसलं तर कोणावर आरोप करायच्या आधी कॅलेंडर बघा, आणि डिसेंबरानंतरचा फेब्रुवारी असेल तर नऊ महिने मोजायला परत बसा.

आता ते "स्वतंत्र". घराणं आफ्रिकन अमेरिकन असेल तर भिंत बहुतेक वेळा १८५० ला नाही, १८७० ला लागते. १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी शेड्यूल्स, म्हणजे याद्या, होती, त्यात मालकाचं नाव आणि खाली माणसांचं फक्त वय, लिंग, रंग, नाव जवळजवळ कुठेच नाही. पण आधी हे तपासा की कुटुंब आधीच स्वतंत्र होतं का, कारण स्वतंत्र काळ्या कुटुंबांची नावं १८५० आणि १८६० च्या साध्या यादीत आहेत आणि त्याआधी कुटुंबप्रमुख म्हणूनही सापडतात, ही पायरी बरेच जण गाळतात. नसेल तर १८७० चं घर घ्या, आजूबाजूची दहा-वीस घरं उतरवून काढा, आणि फ्रीडमेन्स ब्युरो या मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे १८६५ ते १८७२ चे कागद बघा. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागाच नव्हती, म्हणून व्हर्जिनियाने १८६६ ला एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची लग्नं मान्य केली आणि त्याची रजिस्टरं झाली. त्यात नवरा, बायको, वयं, जन्मठिकाण, मुलं, कधीपासून एकत्र राहतात ते, आणि शेवटच्या मालकाचं नाव व पत्ता. नॉर्थ कॅरोलिनातही त्याच वर्षी अशा नोंदी झाल्या. सगळ्या काउंट्यांची टिकलेली नाहीत, आपल्या काउंटीचं आहे का ते आधी बघा, आणि असेल तर त्या मालकाचं आडनाव घेऊन त्याची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या उघडा, तिथे माणसांची पहिली नावं लिहिलेली असतात, कधी आईच्या नावाशेजारी मुलांची, आणि ती वयं १८६० च्या शेड्यूलमधल्या बिननावाच्या वयांशी ताडून बघता येतात.